डावीकडे वळलेला कीस

दुर्बीण बसवायला रायफलीच्या बॅरलवर बारीक भोकं पाडायची होती. त्यातलं एक दादाच्या हातून जास्तच खोल गेलं. रायफल आमच्या दाजींची, ताईच्या नवऱ्याची. ते वनरक्षक. नेम धरताना त्यांचा गाल त्या भोकापासून वीतभरावर.

"आरपार नाही ना गेलं?" दादाचा चेहरा उतरला होता.

मी नळीत उजेड टाकून पाहिलं. आतून लखलखीत, साधा ओरखडा नाही. भोकात पिन घालून खोली मोजली. खाली पोलाद होतं, पण जेमतेम.

"ठोकून बंद केलं तर?"

"दादा, इथेच सगळा दाब येतो. फुटलं तर दाजींचं तोंड जागेवर राहणार नाही."

तरी एकदा नीट बघावं म्हणून मी नळीतून चिंधी फिरवली. चिंधीला पोलादाचा ताजा कीस लागला.

"उडून गेला असेल आत," दादा म्हणाला.

पुन्हा पुसलं. पुन्हा कीस, आणि आधीपेक्षा जास्त. बोटांना तो कोमट लागला. टेबलावर आमच्या ड्रिलचा कीस पडला होता, तो उजवीकडे वळलेला. हा डावीकडे.

मी बॅरलला कान लावला. आत काहीतरी घासत होतं. हळूहळू, मध्ये दम खात.

"मशीन बंद कर रे आधी," दादा पुटपुटला.

"बंदच आहे."

नळीच्या दोन्ही टोकांत मी चिंध्यांचे बोळे गच्च कोंबले. पिन पुन्हा भोकात घातली. भोक तेवढंच खोल होतं.

पण पिनेला खालून टिचकी बसली.

तेवढ्यात दाजी आले. "झालं का काम?"

"बॅरल बाद झाली, दाजी. दुसरी घालू. हिला हात लावू नका."

"एवढ्याशा भोकापायी?" ते हसले आणि मी अडवायच्या आत वाकून त्यांनी भोकाला डोळा लावला. "अरे, हे तर आरपार गेलंय. आत उजेड दिसतोय."

मी दोन्ही टोकांकडे पाहिलं. बोळे जागच्या जागी होते.

दादाने दाजींचा दंड धरून ओढलं. ते हलेनात.

"गेला उजेड," दाजी म्हणाले. त्यांचा आवाज बारीक झाला होता. "पलीकडूनही कुणीतरी डोळा लावलाय."