निनाला चक्कर येते

"पत्ते ठेवा रे खाली. पळून जात नाहीत ते."

तुन फेलिक्सनं असं म्हटलं की पोरं आधी कुरकुरायची, मग ठेवायची. बेटावरच्या इनालाहान गावात हेसुसच्या घराबाहेर पत्र्याखाली बसली होती सगळी. जाळीवर कोंबडी भाजत होती. आत रोझरी चालली होती. दर शुक्रवारी या घरात रोझरी असते, आणि दर शुक्रवारी ही पोरं फक्त जेवायला येतात.

"मग रोझरी संपेपर्यंत तुम्हीच काहीतरी सांगा," ज्युनियर म्हणाला. "भुताचं. पण खरं पाहिजे हां."

"खरंच आहे. आत रोझरी सांगतेय ना, डेल्फिना, तिच्यावर आलेलं. तिच्याच तोंडून ऐकलंय. आवाज खाली ठेवा, खिडकी उघडी आहे."

म्हाताऱ्यानं कोंबडी परतली आणि सुरुवात केली.

गेल्या डिसेंबरची सात तारीख. रविवार. दुसऱ्या दिवशी आपल्या सांता मारियाची मिरवणूक, त्यामुळे घराघरात रांधणं चाललेलं. डेल्फिना मेणबत्त्या आणायला दुकानात गेली होती. कशासाठी? तर तान बिबीला जाऊन वर्ष होत आलं होतं, त्या वर्षाच्या रोझरीसाठी. तान बिबी म्हणजे या हेसुसची आई, आणि डेल्फिनाची निना, म्हणजे धर्ममाता. बाप्तिस्म्याला हिला हातात धरलं ते तिनं, आणि रोझरी सांगायला शिकवलं तेही तिनंच.

डेल्फिना मेणबत्त्या घेऊन गाडीत बसते न बसते तोच हेसुसचा फोन.

"डेल्फी, आईचा फोटो आहे का गं तुझ्याकडे? आमचे सगळे वादळात भिजले. मातीच्या दिवशी वाटलेलं ते कार्ड तरी? मोठं करून लावतो."

"आहे की."

"कुठंय?"

"आहे... जपून ठेवलंय."

कुठं जपून ठेवलं होतं ते ऐका.

तान बिबी गेली, तिच्या नऊ रात्रींची रोझरी चालू होती. त्याच दिवसांत तळावरची एक फौजी बाई बदली झाली म्हणून अंगणात सामान विकायला बसली होती. इस्त्री, पोरांच्या सायकली, आणि टॅरोचा एक डबा. भविष्य सांगायचे पत्ते. त्यातला चंद्राचा पत्ता नव्हता, कुत्र्यानं खाल्ला म्हणे. डेल्फिनानं डबा घेतला. तिचं म्हणणं काय, तर आपण रोझरी सांगणाऱ्या. जादूटोण्यापासून लांब राहा म्हणून लोकांना सांगायचं, तर जादूटोणा म्हणजे काय हे आपल्याला नको कळायला? करायचं काहीच नाही. अभ्यास फक्त.

मन खात होतं म्हणून फादरना विचारलंही. "फादर, आपल्या माणसानं नुसतं कुतूहल म्हणून हे वाचलं तर चालतं का हो?"

फादर म्हणाले, "विष आहे की नाही ते तू चाटून बघतेस का?"

"नाही हो. बाटलीवरचा कागद वाचते नुसता."

"मग कागद वाच. झाकण उघडू नकोस."

डेल्फिनानं मान डोलावली. झाकण उघडून तीन दिवस झाले होते.

आणि गड्डी तर पुरी पाहिजे ना? तान बिबीचं कार्ड प्रार्थनेच्या पुस्तकात होतं. वर फोटो, खाली प्रार्थना. मापाला अगदी बरोबर बसलं. निनाचा चेहराही तसा गोलच होता, चंद्रासारखा.

"म्हणजे मेलेल्या बाईला गड्डीत घातलं?" ज्युनियर म्हणाला.

"अभ्यासासाठी," तुन फेलिक्स म्हणाला. "आणि वर्षभर पिसली."

कोणीतरी हसलं. मग थांबलं.

तर, त्या रात्री डेल्फिना घरी आली. नवरा तिचा हवाईला कामाला, घरात ती एकटीच. स्वयंपाकघरात टेबलाशी बसली, गड्डी काढली, पत्ते एकेक करून सरकवले. निना नव्हती. पुन्हा बघितलं. नव्हती. टेबलाखाली बघितलं, डब्यात बघितलं. म्हणाली, देवा, उद्या हेसुसला काय सांगू, तुझी आई जादूच्या पत्त्यांत हरवली म्हणून सांगू?

तिसऱ्यांदा सापडली. अगदी तळाशी.

उलटी.

म्हणजे प्रार्थना सरळ, आणि निना डोकं खाली पाय वर. डेल्फिनाला वाटलं आपणच कार्ड उलटं धरलंय. तिनं ते फिरवलं. आता प्रार्थना उलटी झाली.

निना... तरीही उलटीच.

पुन्हा फिरवलं. तेच. आडवं धरलं. तेच. हिरवा झगा, मोत्यांची माळ, आणि डोकं खाली.

आणि मागून कोणीतरी म्हणालं,

"डेल्फी... चक्कर येते गं."

डेल्फिना वळली नाही.

"पिसतेस ना तू... तेव्हा."

खुर्ची सरकली. समोर येऊन बसली तान बिबी. तोच झगा. दोन्ही हातांनी टेबलाची कड घट्ट धरलेली. होडीत बसल्यासारखी.

"निना..."

"भाताला पाणी जास्त झालंय तुझ्या. वास येतोय."

नळ गळत होता.

"निना, मी नुसतं... माहितीसाठी..."

"हो. बघते ना मी. आतूनच बघते." तान बिबीनं गड्डीकडं बोट केलं. "शिकलीस आता. मग मला सांग."

"काय?"

"अजून किती दिवस?"

"कसले?"

"तिथं कोणी सांगत नाही, पोरी. पापं धुवून निघेपर्यंत थांबायचं, पण शुद्धिस्थानात घड्याळ नाही. विचारलं की म्हणतात, थांबा. तू बघ ना... एकदाच. माझ्यासाठी."

डेल्फिनाचा हात गेला. ती स्वतः सांगते, हात गेला होता. पिसायचं कसं, मांडायचं कसं, सगळं येत होतं. अभ्यास झाला होता ना. बोटं गड्डीला लागली. समोर निना. लहान पोरासारखी बघत होती.

आणि निनाचा चेहरा हळूहळू... वरचा खाली व्हायला लागला.

डेल्फिनानं हात काढला.

"नाही निना. हे नाही बघणार मी."

"मग काय येतं तुला?"

"...रोझरी."

"ती तरी पुरी सांग."

डेल्फिनाला माहीत होतं. फक्त तिलाच. नवव्या रात्री, या इथं, हेसुसच्या हॉलमध्ये, तिनं तिसऱ्यानंतर एकदम पाचवं दशक घेतलं होतं. चौथं गाळलं. दहा नमो मरिये. कोणाच्या लक्षात आलं नाही. घरी नवे पत्ते वाट बघत होते... म्हणून.

"मी मोजत होते," निना म्हणाली.

एवढंच. रागानं नाही. रागानं म्हणाली असती तर बरं झालं असतं, असं डेल्फिना म्हणते.

तिनं माळ काढली. चौथ्या दशकाचा मणी शोधला. पहिलं नमो मरिये. दुसरं. समोर कोणीतरी ओठ हलवत होतं. पाचवं. सहावं. नळ थांबला. नववं...

दहाव्याला खुर्ची रिकामी होती.

कार्ड टेबलावर होतं. तान बिबी अजून उलटीच. पण अगदी उलटी नाही. जरा कललेली. तांदळाच्या दाण्याएवढी.

तुन फेलिक्स थांबला. जाळीवर चरबी चरचरली.

"पत्त्यांचं काय केलं तिनं?" कोणीतरी हळूच विचारलं.

"नारळाच्या सोडणांत घालून जाळले. कार्ड फादरना दाखवलं. फादरनी असं फिरवलं, तसं फिरवलं, परत दिलं आणि आत जाऊन हात धुतले. मग हेसुसला दिलं. त्यानं फोटो मोठा करायला टाकला. दुकानदारानं तीनदा छापला बिचाऱ्यानं, आणि तीनदा माफी मागितली. तेव्हापासून दर शुक्रवारी रोझरी. फोटो बरेच दिवस हेसुसच्या कपाटातच होता. लोकांसमोर लावण्यासारखी झाली तान बिबी, तेव्हा हॉलमध्ये लावला."

ज्युनियर मोठ्यानं हसला. "तो वाकडा फोटो? काय तुन फेलिक्स! त्याचा खिळा सैल आहे. मागच्या शुक्रवारी मीच सरळ केला."

"चौकट सरळ केलीस."

"हो मग."

"आणि तान बिबी?"

ज्युनियरनं उघड्या खिडकीतून आत पाहिलं.

आत डेल्फिनानं चौथं दशक सुरू केलं. ते ती फार सावकाश सांगते. एकेक मणी, जणू कोणी समोर बसून मोजतंय.

ज्युनियर उठला. हात पँटला पुसले, दाराशी चपला काढल्या. मागोमाग दुसरा उठला. मग सगळेच. पत्ते टेबलावर पालथे राहिले. तुन फेलिक्सनं कोंबडी परतली.

हॉलमध्ये भिंतीशी जागा होती. गुडघे टेकायच्या आधी ज्युनियरनं वर हात करून खिळा हलवून पाहिला.

पक्का होता. चौकटही सरळ होती, त्यानं लावली तशीच.

तान बिबी कललेली होती. मागच्या शुक्रवारपेक्षा जरा कमी.