लाल भिंत

तराजूच्या तबकडीवर वाळूचा एक कण चिकटून राहिला होता. तांबूस, एका कडेला काळपट. ब्रशने दोनदा झटकला, तरी हलेना.

"हट्टी आहे," काउंटरपलीकडून कुणीतरी म्हणालं. "रास अल खैमाची वाळू. माझा नमुना. मी झैद, गिलाव्याची कामं करतो. लोह किती, तेवढं सांगा; लाली त्यावरच ठरते."

मुसफ्फातल्या आमच्या बांधकाम-साहित्य तपासणाऱ्या लॅबमध्ये वाळूची अशी ओळख कुणी करून देत नाही.

"कशासाठी हवंय?"

"अल्हम्ब्रा ठाऊक आहे? स्पेनमधला अरबांचा जुना महाल. एका हॉटेलला तशी भिंत हवीय, पण पांढरी. मी म्हटलं, अल-हमरा म्हणजे लाल. तिथल्या मातीच्या रंगावरून नाव पडलं म्हणतात. पांढरी हवी तर दुसरा माणूस बघा."

"आणि काम गेलं तर?"

"कुणी सांगितलं म्हणून तुम्ही रिपोर्टातला आकडा बदलाल?"

"नाही."

"मग मला का विचारता?" तो हसला... मी उगाच फॉर्म भरत राहिले.

मग तो दर गुरुवारी नमुना आणू लागला. चौथ्या गुरुवारी मी म्हटलं, "ही तर पहिल्या वेळचीच वाळू आहे."

"माहितेय."

"मग आणली कशाला?"

"लॅब बघायला."

मी तीही तपासली.

मार्चमध्ये त्याने लग्नाचं विचारलं. मी म्हटलं, "आमच्याकडे नमुना तीनदा तपासतात, मगच सही होते."

"तपासा," तो म्हणाला. "मी कुठे जात नाही."

नोव्हेंबर उजाडला. हॉटेलवाले अखेर नमले होते. भिंत बघायला गेले तेव्हा गिलावा अजून ओलसर होता. मी तळवा टेकवला.

"हात रंगेल," झैद म्हणाला.

"रंगू दे."

तेवढ्यात अल कुसैसहून अब्बांचा फोन आला.

"अरफा, दापोलीचे लोक उत्तर मागतायत. मुलगा इंजिनिअर आहे, घर चांगलं आहे. आठ महिने थांबवलंस त्यांना. तो गिलावेवाला अजून डोक्यात आहे का? हाताला माती लागलेला जावई आणणारेस घरात? खलास कर ते."

मी हात भिंतीवरून काढला. बोटं लाल झाली होती. झैद पाठ फिरवून आधीच धुतलेली थापी पुन्हा धूत होता.

"अब्बा, माझ्याही हाताला लागलीय."

"काय?"

"तीनदा तपासलंय, अब्बा. आता सही करतेय. दापोलीला नकार कळवा... मी झैदशी लग्न करणार आहे."