‘जातो’चं ‘येतो’

मला माणसांच्या तोंडाची किळस येते, आणि धंदा नेमका आवाजाचा. जळगाव जामोदला खताच्या दुकानावर माझा स्टुडिओ आहे. गाणाऱ्याची थुंकी, घशातला कफ, सगळं हेडफोनमधून कानात शिरतं. पोटासाठी तेही ऐकावं लागतं.

मार्चमधल्या एका दुपारी वरवट बकालच्या कौशल्याबाई जेवणाचा डबा घेऊन आल्या. त्यांच्या मोबाइलवर नवऱ्याचा, रंगरावांचा, शेवटचा व्हॉइस मेसेज होता. "मी मोटर पाहाले जातो. येवढ्यात जेवू नोको." त्याच दिवशी ते विहिरीत पडले. चौथ्या दिवशी फुगून वर आले.

"घरातून निघतानी कोनी जातो म्हन्ते का?" त्या म्हणाल्या. "त्या शब्दानंच नेलं त्याईले. त्याचं येतो करून द्या."

‘येवढ्यात’मधला ‘ये’ कापून मी ‘तो’ला जोडला. सांधा खटकत होता. तो लपवायला एक जुनी युक्ती आहे. आवाज उलटा करायचा, त्यावर घुमारा चढवायचा आणि परत सुलटा करायचा. मग घुमारा शब्दाच्या आधी येतो, कुणीतरी लांबून जवळ येत असल्यासारखा.

मी दोन सेकंदांचा घुमारा दिला. स्पीकरवर लावला तर तो पाच सेकंद चालला, आणि त्यात कुणीतरी चघळत होतं. ओलं, मचमच, गालातला चोथा जिभेनं फिरवत. मूळ मेसेजमध्ये तसलं काही नव्हतं, मी दोनदा तपासलं. सगळं पुसून पुन्हा केलं. आता बारा सेकंद. ओल्या चपलांची चपचप, मग घशातून खेचलेली थुंकी. खोलीत कुजक्या पानाचा वास सुटला होता.

"पान खाऊन राह्यले," बाकावरून कौशल्याबाई म्हणाल्या. "तोंड पुसाची सवयच नाही त्याईले."

"बाई, मी पहिल्यासारखं जातो करून देतो."

"नोको. येऊनच राह्यले, त येऊ द्या."

मी प्लग उपटला. स्पीकरचा दिवा विझला.

चपचप जिन्यावर आली.

"येतो," दारातून ऐकू आलं.

दारात कुणी नव्हतं.

कौशल्याबाई बाकावर जरा सरकल्या. डब्याचं झाकण काढलं. मग पदराचं टोक धरून शेजारच्या रिकाम्या जागेत हात फिरवला, लहान लेकराचं तोंड पुसतात तसा.

"चाला, जेवून घ्या," त्या हळूच म्हणाल्या.

पदर खाली आला तेव्हा लाल झाला होता, आणि त्यातून पाणी गळत होतं.