साळूच्या लुगड्यातला हरभरा

बी पाटीत घे सूनबाई, पदरात नको. का, ते सांगते. कंदील जरा तिकडं सरकव, डोळ्यावर येतोय. लाईट यायला अजून टाईम हाय.

तू नवी, तुला ठावं नसंल. आपलं शेत मढ गावाच्या वरल्या अंगाला, रानाला चिकटून. भात निघालं की रानाकडंचा एक पट्टा भेकरांसाठी, त्या रानातल्या बारक्या हरणांसाठी पेरायचा. हरभरा, वाल, मसूर. तिथं पोट भरलं की ती खालच्या पिकाला तोंड लावत न्हाईत. आणि तुझ्या सासऱ्यांना ती चरताना बघायची लई हौस. ही रीत घातली साळूनं. साळू म्हंजी त्यांची पयली बायको. तापानं गेली. तिच्या माघारी मी आले.

मेलेल्या बाईचा कुणी हेवा करतं का? मी करत व्हते, बाई! जळत व्हते नुसती! ह्यांच्या तोंडी उठता-बसता साळू. "साळूच्या हाताला चव व्हती." "साळूच्या पट्ट्यात रोज भेकरं यायची." माझी भाकरी मात्र गुमान गिळायची. तुझ्या हातचं ग्वाड लागलं, एवढं एकदा म्हणावं, दुसरी आस नव्हती मला. आणि मी पट्टा पेरला की त्यात एक खूर उमटायचा न्हाई.

एकदा म्हणाले, "जनावर वासावर येतं, कुशे. त्यांना साळूचा वास ठावा व्हता."

असं व्हय! माझं डोस्कंच फिरलं.

पुढल्या पेरणीला हे जुन्नरच्या बाजाराला गेले, तशी मी त्यांची पत्र्याची पेटी उघडली. तिचं हिरवं लुगडं काढलं आणि नेसले. तिच्यापरीस मलाच शोभत व्हतं. चूल विझवली, पदर खोचून ओटीत हरभरा घेतला आणि रानाकडं निघाले. साळू असंच पदरातनं पेरायची म्हणं.

मुठीनं बी फेकत चालले. दिस कलला, आणि एकाएकी सगळं गप झालं. पाखरू न्हाई, वारा न्हाई. उकरलेल्या मातीचा वास येत व्हता, आणि त्यात भाकरी भाजल्याचा वास मिसळला. रानात कोण भाकरी भाजणार?

मग भेकरं आली. पेरणीच्याच दिवशी! उगवलं कुठं व्हतं अजून? पण आली, लुगड्याला नाकं लावून हुंगायला लागली. त्यांचा ऊन श्वास माझ्या पोटऱ्यांना लागत व्हता. मी अशी हरखले म्हणून सांगू!

"बघ गं साळू," मी मोठ्यांदा म्हणाले, "आली माझ्याकडं."

तशी सगळ्यांनी एकदम माना वर केल्या. माझ्याकडं बघत नव्हती ती. खाली, आपल्या घराकडं बघत व्हती. आपल्या कौलांतनं धूर निघत व्हता...

मी उतरायला लागले. बांधावर शेजारची कोंडाबाई मोळी घेऊन येत व्हती. मला बघून तिनं मोळी खाली टाकली.

"कुशे... हे साळूचं न्हवं?"

"असंल. मग?"

"अगं, सवाष्ण गेलेली बाई ती." ती दोन पावलं मागं सरली. "तिच्या लुगड्यात ओटी भरलीस? मान देऊन घरी बोलावलंस की गं तिला..."

मी पळत सुटले. दारात आले तर हे बाजारातनं येऊन जेवून बसलेले. ताट चाटूनपुसून लख्ख. मला बघून हसले. लगीन झाल्यापास्नं असं हसले नव्हते.

"कुशे, काय भाकरी केलीस आज! पयल्यांदा साळूची आठवण झाली न्हाई बघ."

"मी... कवा वाढलं तुमाला?"

"आत्ता तर वाढून परसात गेलीस. येड्यावानी काय करतीस?"

खरं सांगायला मी तोंड उघडलं. पण एवढ्या वर्सांनी माझं नाव घेऊन कौतुक केलं व्हतं त्यांनी. ते परत तिच्या पदरात टाकू? माझ्यानं व्हईना, सूनबाई.

"उद्या पण करीन की," मी म्हणाले.

आत चुलीपाशी काळोख व्हता. तिथं परात सरकली, आणि कुणीतरी पीठ मळायला घेतलं.