दुधाच्या डब्यावरचं भांडण

मी त्याला पहिल्यांदा पाहिलं आणि दुसऱ्याच मिनिटाला त्याचा डबा हिसकावून त्याच्याच पायाशी आदळला.

साल ब्याऐंशी. आंबागडच्या उपकेंद्रात मी नर्स होते. मळणीचे दिवस, हवेत धानाची धूळ. लसी टोचून परत येत होते, तर देवळाच्या ओट्यापुढे बायांची रांग! पांढऱ्या शर्टातला एक तरुण हसत हसत बाळांच्या दुधाची पावडर फुकट वाटत होता.

"कोण हो तुम्ही?"

"इश्वर बोरकर. नागपूरहून आलो, कंपनीचा—"

"उचला हे! आत्ताच्या आत्ता!"

डबा मातीत गडगडला. बाया मागं सरकल्या. मला वाटलं, आता हा ओरडेल. पण तो वाकला, डबा उचलून बाहीनं पुसला आणि माझ्याकडे बघत म्हणाला, "काहून?"

एवढंच. डोळे मात्र... खरोखर उत्तर हवं असलेले. मला आणखीच राग आला.

"चला. दाखवते."

त्याला रुखमाच्या घरी नेलं. तिची पोर पाच महिन्यांची. दोन महिन्यांआधी याच कंपनीच्या दुसऱ्या माणसानं तिला एक डबा फुकट दिला होता. इश्वर सरळ जमिनीवर बसला.

"ताई, दूध कसं बनवत होत्या?"

"एक चमचा न् गिलासभर पाणी," रुखमा म्हणाली. "चार चमचे टाकले तं डबा आठ दिवसांत संपते. मंग दुसरा कोठून आणू? माह्यं दूध तं तवापासून आटलं."

"अन् पाणी?"

"तलावाचं. आमच्याकडे दुसरं कोणतं राह्यते?"

पोरीला हगवण लागली होती. बारा दिवस तुमसरच्या दवाखान्यात काढले. वाचली, पण मनगट माझ्या अंगठ्याएवढं. इश्वरनं ते दोन बोटांत धरलं... बराच वेळ सोडलं नाही.

बाहेर आल्यावर म्हणाला, "मले हे माहीत नव्हतं."

"माहीत करून घ्याचंच नव्हतं. तुमचा धंदाच तसा!"

"गावोगाव फिरतो ते लोकं पाहाले, बाई. कोण काय खाते, कायले हसते, सारं विचारतो. अन् हेच विचारलं नाही."

"मंग लाज वाटू द्या. मले कामं आहेत."

तो गेला, पण दर पंधरा दिवसांनी येऊ लागला. रिकाम्या हातानं, तुमसरहून भाड्याच्या सायकलवर. रुखमाच्या पोरीला बघायचा, केवळरामच्या चहाच्या टपरीवर तासभर गप्पा ठोकायचा, आणि मग माझ्या दारात.

"कंपनीले पत्र लिहिलं."

"पत्रानं पोरी जगतात का?"

"तुम्ही नेहमीच अशा रागात राहता का हो?"

"तुम्ही आले का येतेच राग."

"मंग मी वरचेवर यीन."

मी दार आपटलं. दाराआड मात्र उभीच राहिले... त्याची सायकल वळेपर्यंत. मग स्वतःवरच चिडले.

फेब्रुवारीत कंपनीनं तालुक्यातल्या साऱ्या नर्सना तुमसरला बोलावलं. जेवण, वर भिंतीवरचं घड्याळ भेट. बदल्यात डबे खपवायचे. मी सर्वांसमोर बोलायचं ठरवून गेले होते, एक एक वाक्य पाठ करून. आणि मंचावर कोण? इश्वर! माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. पत्र लिहिणारा माणूस घड्याळं वाटायला उभा!

त्यानं माईक धरला.

"बाईहो, हे डबे खेड्यात देऊ नका. एका पोरीचं मनगट मी धरून पाहिलं आहे..."

त्यानं सगळं सांगितलं. चमचा, गिलास, तलाव. कंपनीच्या साहेबानं माईक ओढून घेतला, तरी तो ओरडून बोलतच राहिला. सहा जणींनी घड्याळं परत केली. बाकीच्या घेऊन गेल्या.

मी त्याला एस.टी. स्टँडवर गाठलं.

"माह्यं भाषण तुम्ही करून टाकलं!"

"नोकरी गेली माझी. अजून काहून रागावता?" तो हसत म्हणाला.

"मले आधी सांगितलं नाही म्हणून! तिथं एकटे उभे राहिले म्हणून! मी काय मेली होती?"

त्याचं हसू थांबलं. "चंद्रकलाबाई... एवढा राग कोणी परक्यावर करते का?"

माझे कान तापले. "नाही करत!" मी ओरडलेच. बाकावरची म्हातारी दचकली.

"मंग?"

"मंग काय? नागपूरची गाडी सोडा. कारध्याले चला, माह्या बाबाकडे. अन् ते माह्याहून रागीट आहेत, सांगून ठेवते."

भंडाऱ्याला गाडी बदलली. वैनगंगेच्या पुलावरून जाताना आम्ही शेजारी बसलो होतो. गाडी हलली की त्याचा खांदा टेकायचा... मी सरकले नाही.

बाबा, वासुदेवराव, ओसरीवर विळ्याला धार लावत बसले होते. "याच्याशीच लगन करीन," मी अंगणातूनच सांगून टाकलं.

"नोकरी?"

"आज गेली."

"आजच गेली, अन् आजच पोरगी मागाले आला?" बाबांचा आवाज पार गल्लीच्या टोकापर्यंत. "काहून गेली?"

इश्वरनं सांगितलं. मान खाली न घालता, काहीच न वगळता. बाबांनी विळा बाजूला ठेवला. मग वळून आईवर खेकसले,

"अवो, आयकून नाही राहिली का? पोरगं सकाळपासून उपाशी दिसते. पाट मांड!"