कुणाचाही हात न लागता

मेर्लिंडाचं वैर पक्षाघाताशी नव्हतं, बान्तायांशी होतं. बान्ताय म्हणजे रोग्याच्या खाटेशी ठाण मांडून बसणारं घरचं माणूस. बायको, मावशी, पुतणी, कुणीही. रोग्यानं चमच्याकडे नुसतं पाहिलं की यांनी घास भरवलाच.

"अगं, त्याला करू दे की! हात काढ तुझा!"

"मग काय नवऱ्याला उपाशी मारू, मॅडम?"

इलोइलो शहरातल्या त्या रुग्णालयात, मेंदूच्या आजारातून उठणाऱ्यांच्या वॉर्डात, तिचं काम मोजण्याचं होतं. माणूस स्वतःचं स्वतः किती करतो? जेवण, अंघोळ, कपडे, जिना. प्रत्येकाला एक ते सात गुण. सगळं दुसऱ्यानं केलं तर एक, कुणाचाही हात न लागता जमलं तर सात. नियम साधा आणि निर्दय होता. करू शकतो का हे विचारायचं नाही, करतो का ते बघायचं. आणि बान्ताय करूच देत नसत. सतत कुणाच्या ना कुणाच्या प्रेमावर खेकसण्यात तिचं वय चाललं होतं.

म्हणून नोंग दुल्फो तिचा लाडका. नोंग म्हणजे इकडचं दादा. ग्वीमारास बेटावरचा म्हातारा कोळी. डावं अंग लुळं, पुढेमागे कुणी नाही, म्हणजे बान्तायही नाही. उजव्या हातानं शर्टाची दोन बटणं लावेपर्यंत त्याची सकाळ सरायची, आणि तेवढ्या वेळात स्वर्गातल्या झाडून सगळ्या संतांना शिव्या घालून व्हायच्या.

"हसतेस काय, इन्दाय?" लेकीला हाक मारावी तसा तो म्हणायचा. "गुण दे."

"शिव्यांना देते, नोंग. सातपैकी सात."

एका सोमवारी तो खाटेवर ताठ बसलेला दिसला. दाढी केलेली, केस ओले, गळ्यापर्यंत बटणं. मेर्लिंडाच्या मस्तकात तिडीक गेली. कुणीतरी तिच्या कामावर पाणी फिरवलं होतं.

"कुणी केलं हे? बोला!"

शेजारच्या खाटेवर कोरिता होती, सगळ्यांची मनांग, थोरली ताई. झटका आल्यापासून तिनं पापणीसुद्धा हलवलेली नव्हती. तिची भाची जोसिलिन म्हणाली, "माझ्याकडे बघू नका हं. मला माझ्या आत्याचंच उरकत नाही, लोकांच्या दाढ्या कुठं करू?"

दुल्फो मात्र भिंतीकडे बघत होता. एक शिवी नाही. त्याचा भांग नेहमीच्या उलट्या बाजूला पडला होता. समोर उभं राहून कुणी विंचरलं तर पडतो तसा.

मंगळवारी तेच, बुधवारीही तेच. गुरुवारी तिनं सगळ्या बान्तायांना बाहेर हाकललं, दार लावलं आणि खाटेसमोर स्टूल ओढून बसली. बाहेर डासांच्या औषधाचा वास होता. पंखा कुरकुरत होता.

"घाला शर्ट, नोंग."

दुल्फोनं उजवा हात मांडीवर ठेवला आणि तो तिथंच राहू दिला.

डावी बाही उघडली. आत बोटं शिरवून कुणी चुणी धरावी, तशी. लुळा हात उचलला गेला, कोपरात वाकला, बाहीतून अलगद बाहेर आला. दंडाच्या मऊ मांसात एक खळगा पडला, अंगठ्याएवढा. मग तो हळूहळू भरून आला. बटणं खालून वर लागत गेली.

मेर्लिंडानं स्टूल मागं सरकवलं.

"बघितलंस?" दुल्फोचा आवाज रागानं कापत होता. "मी बोट उचलायच्या आत होतं. उठतो म्हटलं की उठवतं. सोड म्हटलं तर सोडत नाही. माझं मला करू देत नाही गं!"

"कोण?"

"मला काय विचारतेस? मोजतेस तू."

तिनं मोजलं. सगळीकडे एक.

डॉक्टर पामोनाग वॉर्डाचे नवे प्रमुख. त्यांनी दुल्फोला सरावाच्या जिन्यावर उभं केलं. लुळा पाय गुडघ्यातून उचलला गेला आणि पायरीवर नीट ठेवला गेला. मग पुढची पायरी. डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या.

"आणि तू एक देतेस?"

"मदत लागतेय त्याला, डॉक्टर."

"दुसऱ्या व्यक्तीची मदत असं लिहिलंय नियमात. व्यक्ती कुठं आहे?"

"दंड बघा त्याचा. वळ बघा."

त्यांनी दंडाकडे पाहिलं नाही. पाहायचं टाळलं, हे तिला स्वच्छ कळलं. "जे दिसत नाही ते मी मोजत नाही. बाहेर व्हरांड्यात माणसं सतरंजीवर पडलीत, मेर्लिंडा. मला खाट हवी."

"आणि त्याचं घर? पाण्यावर, बांबूच्या शिडीवर. एकटा राहील तो?"

"सात गुणांचा माणूस एकटा राहतो. सातचा अर्थच तो."

त्यांनी तिचे सगळे एक खोडून सात लिहिले. तिला त्यांच्या हातातलं पेन मोडून टाकावंसं वाटलं.

शनिवारी दुपारी ती दुल्फोला फाटकापर्यंत सोडायला गेली. तो तिच्या बरोबरीनं चालला, लुळा पाय उचलत, ठेवत. रिक्षात चढला, तेव्हा शेजारची रिकामी गादीही दबली. मेर्लिंडानं ते पाहिलं आणि तिला स्वतःचाच राग आला, कारण तिला बरं वाटलं होतं. जन्मभर हात काढा म्हणून ओरडलेली बाई आज मनात म्हणत होती, जे काही असशील ते असो, याला सोडू नकोस.

"सोबत असू दे ते, नोंग. भांडू नका त्याच्याशी."

"वा! लोकांच्या बायकांना हाकलतेस, आणि मला हे शहाणपण?" म्हातारा फणकारला. मग शेजारच्या रिकाम्या जागेकडे वळला. "ऐकलंस? पुरे झालं. उतर. माझं मी बघीन. तू राहा इथंच."

"नोंग, नको—"

गादी वर आली.

रिक्षा निघाली. वळणावर दुल्फोचं शरीर डावीकडे कलायला लागलं, भरल्या पोत्यासारखं, सावकाश. रिक्षावाला पुढं बघत होता. मेर्लिंडा ओरडत धावली. इंजिनाच्या आवाजात तिचं ओरडणं बुडालं.

पहारेकऱ्याला तिनं मोटारसायकलवर धक्क्याकडे पिटाळलं. "बोटीत चढू देऊ नकोस त्याला! पडेल तो!" आणि धापा टाकत जिना चढली. आज पामोनागना ती सोडणार नव्हती.

ते वॉर्डातच होते. मनांग कोरिताच्या पायाशी उभे. पेनाचं टोपण काढलेलं.

"ये, ये. तुझं एक इथंही खोडावं लागणार."

टक्.

कोरिताचे डोळे छताला लागलेले होते. तिचा हात चादरीवरून वर उचललेला होता, एक बोट सरळ पुढं. चादरीवर नखाची कोर पडली. ते बोट मिटलं, दुसरं उघडलं.

टक्.

नेलकटर जोसिलिनच्या पिशवीत होता; पिशवी उशाशी, चेन लावलेली. जोसिलिन खाटेच्या कडेवर डोकं टेकून गाढ झोपली होती, दोन्ही हात पुढं पसरून.

तिचीही नखं कापून झाली होती.