अर्ध्या मिनिटातले तेवीस श्वास

ही गोष्ट माझ्या सख्ख्या मावशीची आहे. तिच्या तोंडून मी ती तीनदा ऐकली आणि तिन्ही वेळा एका शब्दाचाही फरक पडला नाही. भुतं रात्रीच दिसतात असं ज्यांना वाटतं, त्यांनी पुढचं जरा सांभाळून वाचावं.

कारण हे भर दुपारी घडलं. अडीच वाजता. डोक्यावर लख्ख ऊन असताना.

साल १९९७. मार्चमधला एक गुरुवार. जागा, वसईजवळच्या उमेळे गावाच्या पुढे खाडीकडे मिठागरं लागतात, तिथला दोन खोल्यांचा दवाखाना.

मावशीचं नाव डॉक्टर वसुंधरा. तेव्हा पंचवीस वर्षांची. नुकतीच डॉक्टर झालेली. वसईतले जुने फॅमिली डॉक्टर बॅप्टिस्ट दरवर्षी असे चार नवे डॉक्टर हाताखाली घ्यायचे आणि वर्षभर खेड्यापाड्यांतल्या दवाखान्यांत बसवून शिकवायचे.

सरांचं म्हणणं एकच. "मोठ्या हॉस्पिटलात मशीन सांगतं, डॉक्टर ऐकतो. इथे मशीन नाही. इथे पेशंट सांगतो. ऐकायला शिका."

मिठागराच्या दवाखान्यात खरंच काही नव्हतं. एक्स-रे नाही, लॅब नाही, वीज असली तर असली. एक स्टेथोस्कोप, एक वजनकाटा, औषधांचं कपाट आणि भिंतीवर सेकंदकाट्याचं घड्याळ.

लहान मुलाला खोकला असेल तर श्वास मोजायचे. वर्षाच्या आतल्या बाळाचे मिनिटाला पन्नास किंवा जास्त भरले, की न्यूमोनिया समजायचा. ताबडतोब औषध, ताबडतोब वसई.

"आणि पूर्ण एक मिनिट मोजायचं," सर म्हणायचे. "अर्ध्याचं दुप्पट करायचं नाही. कधीच नाही."

एरवी शांत माणूस. पण हे वाक्य बोलताना त्यांचा आवाज चढायचा.

त्या गुरुवारी नर्स पॉलिन लसींचा डबा आणायला वसईला गेली होती. मावशी पहिल्यांदाच दवाखान्यात एकटी होती. दुपारी पेशंट नव्हते. बाहेर मिठागरात मीठ ओढायच्या फळ्यांचा आवाज येत होता. खर्र... खर्र...

मावशी टेबलाशी बसून वही वाचत होती.

आणि तो आवाज थांबला.

एकेक करून नाही... सगळा एकदम.

कावळासुद्धा ओरडेना. मावशीने मान वर केली.

दारात एक बाई उभी होती. हिरवं लुगडं, गुडघ्यापर्यंत खोचलेलं. पाय मिठाने पांढरे झालेले. छातीशी फडक्यात गुंडाळलेलं मूल.

"डॉक्टरीनबाय, पोर बघ. पानी पन घेत नाय."

"ये ना, आत ये. कधीपासून खोकतंय?"

बाईने मूल तपासायच्या टेबलावर ठेवलं. आठ-दहा महिन्यांचं असेल. डोळे मिटलेले. मावशीने फडकं बाजूला केलं आणि घड्याळाकडे बघत मोजायला लागली.

तीस सेकंद झाले. तेवीस.

दुप्पट केले तर शेहेचाळीस. पन्नासच्या आत. मावशीला हायसं वाटलं.

"घाबरू नको. सर्दी आहे. औषध देते."

ती कपाटाकडे वळणार, तेवढ्यात तिच्या मनगटावर हात पडला.

गार नव्हता, असं मावशी सांगते. गरम होता. तापाने फणफणलेल्या माणसाचा असतो तसा.

"अर्धंच मोजलंस," बाई म्हणाली. "पुरं मोज."

मावशीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जे करू नका म्हणून सर कानीकपाळी ओरडत होते, तेच तिने एकटं बसायच्या पहिल्याच दिवशी केलं होतं. ती गुपचूप वळली आणि पहिल्यापासून मोजायला लागली.

तिसाव्या सेकंदाला पुन्हा तेवीस.

आणि मग बाई मोठ्याने मोजायला लागली.

"चोवीस... पंचवीस... सव्वीस..."

मुलाचा श्वास वाढला. बरगड्यांखालची कातडी आत ओढली जायला लागली. नाकपुड्या फुलल्या. हा न्यूमोनियाच होता.

"अडतीस... एकोणचाळीस... चाळीस..."

आणि मुलाची छाती हलायची थांबली.

पण बाई थांबली नाही.

"एकेचाळीस... बेचाळीस... त्रेचाळीस..."

मावशी कपाटाकडे धावली. लहान मुलांना श्वास द्यायचा फुगा-मास्क तिथे होता. तो घेऊन ती वळली. दोन सेकंद लागले असतील, फार तर तीन.

टेबल रिकामं होतं.

खोलीत कोणी नव्हतं. दारात कोणी नव्हतं. फक्त टेबलाच्या रेक्झिनवर मूल ठेवलं होतं तिथे एक छोटा खड्डा पडलेला होता... आणि मावशीच्या डोळ्यांदेखत तो हळूहळू भरून वर येत होता.

बाहेर लांबवर, मिठागराच्या बांधावरून आवाज येत होता.

"एकावन्न... बावन्न..."

मग फळ्यांचा आवाज परत सुरू झाला. खर्र... खर्र...

मावशी जमिनीवर बसली. ती पळून गेली असती, हे ती आजही कबूल करते. पण पाच मिनिटांत दारात खरीखुरी हाक आली.

"बाय! ओ डॉक्टरीनबाय!"

मिठागरावरचा मजूर काळूराम धापा टाकत आला होता. त्याच्या खांद्यावर त्याची नात होती. पिंकी, नऊ महिन्यांची.

"सकाळधरनं खोकते. दूध घेत नाय. सर्दीचं कायतरी द्या, कामावर जायचंय मला."

मावशीने पोरीला टेबलावर घेतलं. झबलं वर केलं. घड्याळ बघितलं.

तीस सेकंद. तेवीस.

तोच आकडा. पण ती मोजत राहिली. पुढच्या अर्ध्या मिनिटात श्वास धावायला लागले. मिनिट पूर्ण झालं तेव्हा आकडा होता अठ्ठावन्न.

"काळूराम, कामाचं राहू दे. आत्ता वसईला जायचं."

तिने पहिला डोस दिला, मिठाचा ट्रक अडवला आणि स्वतः पोरीला मांडीवर घेऊन पुढे बसली. हॉस्पिटलात तिथल्या डॉक्टरांनी ऑक्सिजन लावला. म्हणाले, संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर काही हाती लागलं नसतं.

पिंकी वाचली.

संध्याकाळी मावशी सरांच्या घरी गेली. उन्हाने भोवळ आली असेल, असं काहीतरी ते म्हणतील अशी तिला आशा होती. तिने बाईचं सांगितलं. हिरवं लुगडं सांगितलं. मूल सांगितलं.

सर डोळे मिटून ऐकत होते.

"आणि अर्ध्या मिनिटात तेवीस भरले," ते म्हणाले.

मावशीने त्यांच्याकडे बघितलं.

आकडा तिने अजून सांगितलाच नव्हता.

पुढच्या गुरुवारी सर स्वतः मिठागराच्या दवाखान्यात आले. दोन वाजता त्यांनी सगळे पेशंट परत पाठवले. मावशीला आणि पॉलिनला बाहेर चिंचेखाली बसायला सांगितलं.

"काहीही ऐकू आलं तरी आत यायचं नाही."

अडीच वाजता फळ्यांचा आवाज बंद पडला.

पॉलिनने क्रूसाची खूण केली. तिच्या ओठांत प्रार्थना सुरू झाली.

आतून सरांचा आवाज आला. "एक... दोन... तीन..." ते तेवीसपर्यंत आले आणि थांबले. बराच वेळ काहीच नाही.

मग पुन्हा एकपासून. पुन्हा तेवीसला थांबले.

तिसऱ्या वेळी त्यांचा आवाज फुटला. म्हातारा माणूस रडत मोजत होता.

चौथ्या वेळी आत दोन आवाज होते.

"बाय, तुला पन ऐकू येतंय ना?" पॉलिनने मावशीचा हात घट्ट धरला.

तेवीसला सर थांबले. दुसरा आवाज थांबला नाही. चोवीस... पंचवीस... तीस... चाळीस... एक बाई सावकाश, न चुकता, मोजत राहिली. साठ झाले तरी मोजत राहिली.

शंभरनंतर मावशीला राहवलं नाही. ती दार ढकलून आत गेली.

सर टेबलाशी गुडघ्यांवर होते. दोन्ही तळवे रेक्झिनवर पालथे, जसे एखाद्या लहान छातीवर ठेवावेत. खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

"सर... उठा, सर."

"दार उघडं ठेव," ते पुटपुटले. "ती अजून गेली नाही."

त्या दिवसानंतर डॉक्टर बॅप्टिस्टनी एकाही लहान मुलाला हात लावला नाही. नव्या डॉक्टरांना शिकवायचं काम हळूहळू मावशीवर आलं.

मावशीने फक्त एकदाच विषय काढला. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये, सरांच्या ओटीवर. त्यांच्या पत्नी, रोझमेरी आंटी, कॉफी ठेवून आत गेल्या होत्या.

"सर, कोण होती ती?"

सरांनी नजर वाडीतल्या केळींकडे वळवली.

"पासष्ट साल," ते म्हणाले. "मीही तेव्हा शिकतच होतो, त्याच दवाखान्यात. सर्दी आहे म्हणून औषध देऊन मी तिला घरी पाठवलं. दवाखान्यातून निघाली तेव्हा पोर जिवंत होतं."

कॉफीवर साय धरली होती.

"असं मी सगळ्यांना सांगितलं," सर म्हणाले.

आणि उठून आत गेले.

सर वारले २००३ मध्ये. मधली सहा वर्षं मावशी जवळजवळ रोज त्यांना भेटत होती. पासष्ट सालच्या त्या दुपारी दवाखान्यात नेमकं काय झालं होतं, आणि त्या बाईचं पुढे काय झालं, हे ती कधीही विचारू शकली असती.

तिने विचारलं नाही. मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "मला भीती होती, ते खरं सांगतील म्हणून."